शेजारधर्म आणि वृत्तपत्रे



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही आमचा विषय कळविला, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने हसत हसत विचारले, "दशभुज गणेशाच्या हेदवीत येऊन तुम्ही चर्चवर बोलणार?" प्रश्न रास्त होता. आंब्याच्या पेट्या भरण्याचे हे दिवस. दिवसभराच्या कामाने अंग मोडलेले असताना आपण इतकी मंडळी येथे येऊन बसला आहात. आपल्याला आपल्या घरचे सोडून शेजाऱ्याच्या घरचे ऐकविणे म्हणजे थोडा धीटपणाच. परंतु शेजाऱ्याची ओळख नसणे हेच आजच्या पुष्कळ दुखण्यांचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते. आणि ती ओळख करून देण्याचे काम वृत्तपत्राने करावयाचे असते. ख्रिस्ती मंडळींनी आपल्या गावच्या वृत्तपत्राशी कसे वागावे, आणि वृत्तपत्राने त्यांच्याशी कसे वागावे, एवढ्याच गोष्टीचा आज विचार करू. त्यातून जे निघेल ते देवळाला, मशिदीला आणि बुद्धविहारालाही लागू पडेल. निवाडा आपण करावा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चर्चचा आणि आपल्या वृत्तपत्रांचा संबंध हा काल-परवाचा नाही. तो याच किनाऱ्यावर फार जुना आहे. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी १८२३ नंतर आपली पहिली ठाणी घातली ती मुंबईस नव्हे, तर येथून उत्तरेस असलेल्या बाणकोट व हर्णै या बंदरांत. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन विल्सन १८२९ साली या देशात उतरले, आणि मराठी शिकण्याकरिता प्रथम येऊन राहिले ते याच किनाऱ्यावर. दुसरीकडे, मराठी वृत्तपत्रांचे जनक बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचेच. त्यांचे 'दर्पण' निघाले ६ जानेवारी १८३२ रोजी. त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असे. पुढे १८७१ साली खुद्द रत्नागिरीत 'सत्यशोधक' निघाले. तेव्हा चर्च काय आणि वर्तमानपत्र काय, कोकणी माणसाला दोन्ही परकी नाहीत.

विल्सनसाहेबांच्या उदाहरणात आमच्या विषयाचा पहिला धडा आहे. ज्याला गावाशी बोलावयाचे आहे त्याने आधी गावाची भाषा शिकली पाहिजे. हा धडा त्यांच्याही आधी दोनशे वर्षे फादर स्टीफन्स यांनी गिरविला होता. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. पण स्टीफन्स यांनी ओळखले की, या लोकांचे खरे 'माध्यम' छापील कागद हे नाही. ते आहे ओवी आणि पुराणश्रवण. संध्याकाळी देवळात पुराण ऐकावयाची सवय असलेल्या माणसाला पुराणच दिले पाहिजे. म्हणून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि देवनागरीत निघावयास १९५६ साल उजाडावे लागले. परंतु हीही गोष्ट विसरून चालणार नाही की, त्याच गोव्यात धर्मन्यायालयाचा जाच होता, आणि १६८४ साली तेथील सत्तेने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत टाकून द्यावी असे सांगितले. एक मनुष्य लोकांच्या भाषेत बोलावयास जन्म वेचतो, आणि त्याच्याच पक्षाची सत्ता ती भाषा बंद करावयास निघते! लोकांच्या मनात ओवी राहिली आणि फर्मानही राहिले. आजचा एखादा पाद्री गावात चांगल्या हेतूने उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे या दोन्ही आठवणी उभ्या असतात. त्याने त्या नाकारू नयेत.

आता छापखान्याकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८१३ साली मुंबईस आली आणि थोड्याच वर्षांत त्यांनी मराठी छापखाना उभा केला. हेतू अर्थातच धर्मग्रंथ छापण्याचा. पण झाले काय? मिशनची छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना काढला, आणि त्यातून १८४१ साली पहिले छापील मराठी पंचांग बाहेर पडले. मिशनच्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली जावजी दादाजी हा गरीब मुलगा खिळे घासावयास राहिला. त्याने पुढे 'निर्णयसागर' काढले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचलेल्या संस्कृत पोथ्या त्या सुबक टायपात घरोघर गेल्या. बायबल छापण्याकरिता आणलेल्या विद्येने गीता-भागवत छापले गेले. कोणी म्हणेल, मिशनचा डाव फसला. आम्ही म्हणू, समाजाच्या हाती दिलेली चांगली वस्तू कोठे जाऊन फळेल हे देणाऱ्याने ठरवावयाचे नसते.

जून १८४२ मध्ये अहमदनगरास याच मिशनने 'ज्ञानोदय' काढले. या पत्राने पावणेदोनशे वर्षे ओलांडली; इतके आयुष्य मराठीत फार थोड्या नियतकालिकांच्या वाट्याला आले. त्यात धर्मप्रचार होता, दुसऱ्याच्या धर्मावर टीका होती, आणि ती पुष्कळदा बोचरीही होती. त्याला उत्तर देण्याकरिता मोरभट दांडेकरांनी १८४४ साली 'उपदेशचंद्रिका' काढली. पुढे १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला, त्याला श्रोत्यांची गर्दी लोटे. या वादांनी मराठी गद्याला धार आली हे खरे. पण वादात जिंकून कोणी कोणाचा शेजारी झाला, असे आमच्या पाहण्यात नाही.

'ज्ञानोदया'चे जे काम आज आठवावेसे वाटते ते निराळे आहे. १८५५ साली, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या दोन अंकांत, त्याने एक निबंध छापला. लेखिका होती मुक्ताबाई, जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील एक लहान मुलगी. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. ती ख्रिस्ती नव्हती. तिच्या लेखाने चर्चमध्ये एक माणूस वाढणार नव्हता. तरी तिला जागा मिळाली, आणि आज त्या जुन्या फायली उघडणारा अभ्यासक इतर पाने ओलांडून त्या पानापाशी थांबतो. समाजापर्यंत पोहोचावयाचे म्हणजे आपला आवाज मोठा करावयाचा, असे आपण समजतो. या उदाहरणावरून तर उलटे दिसते. ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही त्याला आपल्या पानावर जागा द्यावी, म्हणजे समाज आपण होऊन आपल्यापाशी येतो.

याच 'ज्ञानोदया'शी आपल्या जिल्ह्याचा आणखी एक धागा आहे. करजगावात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि १९१२ पासून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळली. टिळकांनी काय केले? साहेबी चालीवरची भाषांतरित गाणी म्हणणाऱ्या मंडळींच्या हाती टाळ-मृदंग दिले. अभंग दिले, भजने दिली, कीर्तन दिले. अहमदनगराकडे ख्रिस्ती कीर्तनाचा पाया कृष्णराव सांगळे यांनी आधीच घातला होता. टिळकांनी त्यात आपले कवित्व ओतले. आणि स्वतः टिळक ख्रिस्ती मंडळींपुरते राहिले नाहीत. फुलांचे, मुलांचे आणि घरसंसाराचे कवी म्हणून सगळ्या महाराष्ट्राने त्यांना आपले मानले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने निघू लागली. नवऱ्याच्या धर्मांतराने पोळलेल्या एका सोवळ्या घरच्या बाईने, कोणाला दोष न देता, हसत-रडत आपली हकीकत सांगितली. मराठी हिंदू घरांत ख्रिस्ती माणसाविषयी जी माया उत्पन्न झाली ती त्या एका पुस्तकाने जितकी झाली तितकी शंभर प्रवचनांनी झाली नसती.

अलीकडचे उदाहरण वसईचे. 'निरोप्या' हे कॅथलिक मासिक फादर डोरिंग या जर्मन जेझुइटाने १९०३ साली सुरू केले. त्याचीही शंभरी उलटून गेली. वसईचे 'सुवार्ता' मात्र आमच्या विषयाला अधिक जवळचे. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्याचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्या काळात वसईच्या बागायतीवर इमारतींचे आक्रमण येत होते, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात होते, गुंडगिरी माजली होती. दिब्रिटोंनी हे विषय हाती घेतले, 'हरित वसई संरक्षण समिती'च्या चळवळीत ते स्वतः उतरले. विहीर आटते तेव्हा ती ख्रिस्त्याची आणि वाडवळाची वेगळी आटत नाही. चर्चचे मासिक विहिरीविषयी बोलू लागले, तेव्हा ते गावाचे मासिक झाले. पुढे 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेस, आताच्या धाराशिवास, भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. आजारी अंगाने ते संमेलनास आले आणि बोलले. २०२४ साली ते गेले, तेव्हा त्यांच्यावर मृत्युलेख लिहिणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे होती.

बंधुभगिनींनो, ही झाली मोठ्यांची उदाहरणे. आता एक लहान आणि आमच्याकडे कमीपणा घेणारे सांगतो.

तरुणपणी आम्ही एका तालुक्याच्या गावी एका छोट्या साप्ताहिकात काम करीत असू. त्या गावात दहा-बारा ख्रिस्ती घरे आणि एक कौलारू प्रार्थनामंदिर होते. एका आठवड्यात कोणी तरी येऊन सांगितले की, त्या मंदिरात रात्री बाहेरगावची माणसे गाड्या भरभरून येत आहेत, काही तरी 'चालले' आहे. अंक छापावयास जाण्याची वेळ होती, पानावर चार ओळींची जागा रिकामी होती. आम्ही त्या चार ओळी भरल्या. 'गावात कुजबूज आहे' अशी सोयीची सुरुवात केली, म्हणजे जबाबदारी कुजबुजीवर गेली आणि आम्ही मोकळे झालो.

तीन दिवसांनी एक म्हातारे मास्तर कचेरीत आले. त्या मंडळींतले वडीलधारे. त्यांची पत्नी वारली होती; गाड्या भरून आले होते ते सोयरे. त्यांनी आवाज चढविला नाही. एवढेच विचारले, "तुमच्या कचेरीपासून माझे घर किती पावलांवर आहे?" आम्ही म्हणालो, "तीनशे असतील." "मग विचारावयास का आला नाहीत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या चार ओळींमुळे त्यांच्या सुनेला नळावर कोणी बोलेनासे झाले होते, नेहमीच्या दुकानदाराने उधारी बंद केली होती. आम्ही पुढच्या अंकात दिलगिरी छापली. पण बातमी वाचली होती शंभरांनी, दिलगिरी वाचली दहांनी.

जाताना मास्तर उंबऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "चूक आमचीही आहे. चाळीस वर्षे या गावात राहिलो, पण तुमच्या कचेरीची पायरी आज पहिल्यांदा चढलो. आमच्याकडे लग्न झाले, मरण झाले, शिबिर झाले, कधी कळविले नाही. आपण बरे की आपले काम बरे. ओळखच नाही, तर तुम्ही कुजबुजीवर विश्वास ठेवाल नाही तर काय कराल?" त्या दिवसापासून ते दर महिन्याला एक पोस्टकार्ड टाकू लागले. मजकूर साधा: अमक्या रविवारी डोळ्यांची तपासणी आहे, कोणीही यावे, अमक्याच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, विहिरीला पाणी कमी आहे, आमची विहीर शेजाऱ्यांना खुली आहे. वर्षभरात गाव त्या घरांना नावाने ओळखू लागले. आम्ही आज जे काही सांगणार आहोत ते त्या पोस्टकार्डांतून शिकलो आहो.

चर्चच्या मंडळींना आमचे सांगणे असे. प्रवचन वेगळे आणि बातमी वेगळी, हा भेद आधी ध्यानात घ्यावा. वृत्तपत्राकडे पाठवावयाच्या मजकुरात काय, कोठे, केव्हा, कोणासाठी, हे पहिल्या दोन ओळींत यावे. बोधवचने मंदिरात शोभतात. आपले नेहमीचे शब्द शेजाऱ्याला कळतात असे धरून चालू नये. 'मिस्सा', 'लेंट', 'डीकन' हे शब्द वापरावयाचे तर पुढे अर्धी ओळ खुलाशाची घालावी. वार्ताहरांशी बोलावयास एक माणूस नेमावा, आणि तो नाताळाला भेटतो तसाच पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारीही भेटावा. जाहिरात द्यावयाची तर जाहिरात म्हणून पैसे भरून द्यावी. बातमीच्या वेषात आलेली जाहिरात वाचक ओळखतो आणि मग खऱ्या बातमीवरचाही त्याचा विश्वास उडतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की, आपल्याकडून चूक झाली, पैशाचा घोटाळा झाला, संस्थेत कोणावर अन्याय झाला, तर ते झाकू नये. चांगल्या बातमीला बोलाविलेला वार्ताहर वाईट बातमीला दाराबाहेर ठेवला, की त्याला आतले खरे कळत नाही, बाहेरचे खोटे मात्र सगळे कळते. कॅथलिक चर्चने आपल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ४ डिसेंबर १९६३ रोजी, प्रसारमाध्यमांविषयी एक स्वतंत्र जाहीरनामाच मंजूर केला, आणि १९६७ पासून त्याकरिता वर्षातला एक दिवस पाळला जातो. रोममध्ये ठरलेली ही गोष्ट तालुक्याच्या गावी उतरावयाची ती तेथल्या पाद्र्याच्या आणि तेथल्या वार्ताहराच्या ओळखीतूनच.

वृत्तपत्रवाल्या बंधूंना सांगणे कमी आहे, पण कडक आहे. कॅथलिक कोण, प्रॉटेस्टंट कोण, फादर कोणास म्हणावे आणि पाळक कोणास, हे एकदा विचारून लिहून ठेवावे. गणपतीच्या बातमीत पुजाऱ्याला मौलवी म्हटलेले आपल्याला चालेल काय? ख्रिस्ती माणूस २५ डिसेंबरला केक घेऊन आणि एरवी वादात सापडून, असा दोनच वेळा आपल्या पानावर येत असेल, तर दोष आपल्या नजरेचा आहे. तो शेतकरी आहे, नर्स आहे, एस.टी.चा वाहक आहे. त्या नात्याने त्याला येऊ द्यावे. आणि कोणावरही आळ घेणारी ओळ छापण्याआधी ती तीनशे पावले चालून जावे.

हा नुसता सौजन्याचा प्रश्न आहे असे समजू नका. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडाकडची गावे दिवसेंदिवस विजेवाचून आणि फोनवाचून राहिली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. घरांचे पहिले मजले बुडाले. अशा वेळी कोणाची इमारत उंचावर आहे, कोणाच्या सभागृहात शंभर माणसे निजू शकतील, कोणाच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे, ही माहिती धान्याइतकीच मोलाची असते. देऊळ, मशीद, चर्च, शाळा यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे आकाशवाणीच्या प्रतिनिधीला आणि वार्ताहराला आधीच ठाऊक असेल, तर ती दहा मिनिटांत लोकांपर्यंत जाईल. ओळख पुरात करून घेता येत नाही. ती कोरड्या दिवसांत करून ठेवावी लागते.

आता तर प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, आणि त्यावरच्या गटांतून कुजबूज तीनशे पावले नव्हे, तीनशे गावे क्षणात चालते. आमच्या त्या चार ओळींना निदान छापखाना लागत होता, आणि खाली संपादकाचे नाव होते. मास्तरांना यावयास एक पायरी होती. आजच्या अफवेला पायरीच नाही. म्हणून तर गावच्या वृत्तपत्राचे, ज्याच्या संपादकाला आपण बाजारात गाठू शकतो त्या वृत्तपत्राचे, मोल वाढले आहे. ते टिकविणे हे वाचकांच्या, म्हणजे आपल्या, हाती आहे. पुढे पाठविण्याआधी एकदा थांबून 'हे कोणी सांगितले?' एवढे विचारले, तरी आपण संपादकाचे निम्मे काम केले.

आज सकाळी आम्ही उमामहेश्वराच्या मागे जाऊन बामणघळ पाहिली. भरती नव्हती, घळ शांत होती. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने सांगितले, "आता काय बघता? भरतीला या, मग पाणी वर उडते." आम्ही मनात म्हटले, आम्हां वृत्तपत्रवाल्यांची हीच सवय. पाणी उडेल तेव्हा यावयाचे, आणि ओहोटीत त्या खडकाकडे फिरकावयाचे नाही. शेजारधर्माला ही सवय चालत नाही. तो दोन्ही वेळा जातो.

ते मास्तर आता हयात नाहीत. त्यांच्या अंत्यविधीला गावातली झाडून सारी माणसे होती, नळावरच्या बायका होत्या, तो दुकानदारही होता. बातमी आम्हीच लिहिली. त्या वेळी मात्र आम्ही घरी जाऊन, विचारून लिहिली.